उघड्या तोंडाच्या गाद्या

गल्लीत त्याला सगळे डुलकी म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर होतं, तेही चुकीचं छापलेलं.

धंदा गाद्यांचा. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, काठीनं बडवून सारखा करायचा, लांब सुईनं टाके मारायचे. एवढं कुठलाही गादीवाला करतो. याची रीत त्याच्यापुढे सुरू व्हायची. गादीच्या एका कडेला वीतभर तोंड तो उघडं ठेवायचा, गादी दुकानाच्या फरशीवर अंथरायचा आणि भरदुपारी तिच्यावर आडवा व्हायचा. डोळा लागला तर गादी पास. मग बायको पडद्यामागून यायची आणि ते तोंड शिवून टाकायची. नाही लागला, तर त्याच तोंडातून कोपरापर्यंत हात घालून कापूस चाळवायचा आणि पुन्हा आडवं व्हायचं.

लग्नाआधी सासरे न सांगता दुकानात डोकावले होते. जावई ऐन धंद्याच्या वेळी घोरतोय हे पाहून ते तसेच माघारी फिरले आणि त्यांनी सोयरीक मोडायला काढली. तो घोरत नव्हता, काम करत होता, हे त्यांना मुलीनंच समजावलं. तिला ते कसं कळलं, हे त्यांनी शहाणपणानं विचारलं नाही.

उठल्यावर डुलकी गिऱ्हाइकाला काय दिसलं ते सांगायचा. कुणाच्या गादीवर त्याला नाव दिसायची, वल्हवणारं कुणी नाही, पण आपली चाललीय. कुणाच्या गादीवर पांढऱ्या मेंढ्यांनी भरलेला डोंगर, आणि डोंगर हळूहळू श्वास घेतोय. लोक हसत आणि गादी खांद्यावर टाकून खुशीत जात. एकदा एक जण तक्रार घेऊन आला, की तुम्ही नाव सांगितली होती, मला तर रोज ऑफिसातला साहेब दिसतो. डुलकीनं विचार केला आणि गादी उलटी करून बघायला सांगितलं.

पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. कोपऱ्यात पिंजायचं मशीन. ते सुरू झालं की तंतू हवेत चढत आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगत राहत. बायकोच्या केसांवर, त्याच्या पापण्यांवर, चहाच्या सायीवर कापूस उतरायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ही दोघं ढगात संसार करतात.

आजवर गल्लीचा व्यवहार असा होता, की कुणाच्याच खिशात पैसा नसे आणि कुणाचंच अडत नसे. कापसाचे व्यापारी, ज्यांना सगळे शेठ म्हणत, डुलकीला कापूस देत. पैसे गाद्या विकल्यावर. डुलकी गाद्या द्यायचा; पैसे पगार झाल्यावर. शेजारचा सुतार फळ्या आणायचा, समोरचा शिंपी कापड, सगळं शब्दावर. मग वरती कुठेतरी बँकांनी हात आखडता घेतला. का, ते गल्लीत कुणाला धड कळलं नाही. बँकेनं शेठना दमात घेतलं, शेठनी डुलकीला. सुतार तीन पायांचा पलंग घेऊन बसला, चौथ्या पायाचं लाकूड मिळेना. शिंप्यानं मशीनवर झाकण घातलं. चहावाला आधी तळहात पुढे करू लागला, मग कप.

अशात डुलकीला एका लॉजची डझनभर गाद्यांची ऑर्डर मिळाली. पोचवल्याबरोबर रोख पैसे, मालकिणीचा शब्द होता. तेवढ्यावर शेठनी शेवटचा कापूस दिला, पण बजावलं, की शुक्रवारपर्यंत मागचे-पुढचे पैसे आले नाहीत तर टेम्पो येईल आणि पिंजायचं मशीन घेऊन जाईल.

गाद्या बुधवारीच भरून झाल्या. डुलकी पहिल्या गादीवर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागेना.

त्यानं कूस बदलली. डाव्या खांद्याखाली खड्डा आहे म्हणाला, हात घालून कापूस चाळवला. मग कमरेशी गुठळी सापडली. मग पायाशी सगळं फारच मऊ झालं. दुसरी गादी घेतली, तिसरी घेतली. डोळे मिटले की नाव नाही, डोंगर नाही, नुसता रिकामा कोपरा दिसायचा आणि फरशीवर मशीनच्या चार पायांचे डाग. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या गाद्या तोंडं उघडी टाकून भिंतीशी उभ्या होत्या, जेवायला न मिळालेल्या पाहुण्यांसारख्या.

बायको स्वतः लोळून आली. कुठे खड्डा नाही की गुठळी नाही. तिनं सांगितलं, तोंडं शिवते आणि पाठवून देते. लॉजवरचा माणूस एक रात्र झोपतो आणि निघून जातो, तक्रार करायला कोण येतंय?

"एका रात्रीचा माणूस घरापासून लांब असतो," डुलकी म्हणाला. "त्याला तर झोप लागलीच पाहिजे."

ती भांडी घासायला गेली.

शुक्रवारी दुपारी टेम्पो आला. ड्रायव्हर पाना घेऊन थेट मशीनकडे गेला आणि बोल्ट सैल करू लागला. शेठ दारात उभे राहिले. डोळे लाल, शर्टाचं बटण भलत्याच काजात. गाद्या तयार असून लॉजवर का गेल्या नाहीत, असं त्यांनी विचारलं. डुलकी उघड्या तोंडात हात घालून कापूस चाळवू लागला, तेव्हा बायकोनंच सांगून टाकलं, की यांना झोप येत नाही, म्हणून माल पास होत नाही.

शेठनी भिंतीशी उभ्या गाद्यांवरून नजर फिरवली.

"म्हणजे माझा कापूस खराब?"

"तसं नाही, शेठ."

"तसंच आहे. मला झोप येत नाही ती बँकेमुळे. तुला येत नाही ती माझ्या कापसामुळे. असंच ना? सरक, डुलकी."

त्यांनी बूट काढले, गादीवर बसले, तळव्यानं दाबून पाहिलं आणि दाखवतोच तुला अशा थाटात आडवे झाले. कुठे आहे खड्डा, म्हणून विचारलं. डुलकी खांद्याकडे बोट दाखवायला वाकला. शेठ म्हणाले, इथे तर काहीच… आणि वाक्य तिथेच राहिलं.

बायकोनं ड्रायव्हरच्या हातातला पाना काढून घेतला. दुकानात एक तंतू खाली उतरत होता, तो शेठच्या मिशीवर बसला आणि श्वासाबरोबर हलू लागला. डुलकी कान लावून ऐकत होता. सगळ्या गाद्यांत तोच कापूस, तोच हात.

"लागली," तो कुजबुजला. "शीव."

ती शिवत गेली, ड्रायव्हर सुईत दोरा ओवून देत गेला. डुलकी शेठचा श्वास नीट ऐकू यावा म्हणून गादीच्या कडेला टेकला. शेवटचं तोंड शिवून तिनं वर पाहिलं, तर तोही झोपी गेला होता.

तिनं ड्रायव्हरला गाद्या चढवायला सांगितल्या.

"काकू, शेठनी मला मशीन न्यायला आणलंय."

"मग उठव शेठना."

ड्रायव्हरनं शेठकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि पहिली गादी खांद्यावर घेतली.

लॉजच्या मालकिणीनं गाद्या दाबून पाहिल्या. एक कमी का, म्हणून विचारलं. त्या गादीवर माणसं झोपलीत, असं बायकोनं सांगितलं. मालकिणीनं एका गादीचे कापून बाकीचे पैसे हातावर ठेवले.

ती परतली तेव्हा ऊन गल्लीतून निघून गेलं होतं. दोघं उठून एकमेकांकडे पाठ करून बसले होते, नको तिथे भेटलेल्या पाहुण्यांसारखे. तिनं पैसे शेठपुढे ठेवले. त्यांनी मोजले. एका गादीइतके कमी भरले. ते गादीकडे बघत राहिले, मग ड्रायव्हरला म्हणाले, हिशेब मिटला, ही गादी टेम्पोत टाक आणि ते बोल्ट आवळ.

डुलकीला राहवलं नाही. "काय दिसलं, शेठ?"

"काही नाही." शेठ बुटाची नाडी बांधत होते. "पांढरं होतं सगळं. आणि कुणीच काही मागत नव्हतं."

पुढच्या कापसाचं विचारल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. "रोखीनं. मलाच कुणी देत नाही, मी तुला कुठून देऊ?" आवाजात राग नव्हता. टेम्पो वळेपर्यंत ते त्यात मागे गादीपाशी उभे होते, पुढची जागा रिकामी असून.

दुकानात गादी उरली नव्हती, कापूस उरला नव्हता. डुलकीनं मशीनवर हात ठेवला. बायकोनं पदरानं तोंड पुसलं आणि सांगितलं, की उद्यापासून दारोदार विचारायचं. नवी गादी घ्यायला आता कुणाकडे पैसा नाही, पण जुनी प्रत्येकाकडे आहे. त्यांचा कापूस, आपलं मशीन. पिंजून, पुन्हा भरून द्यायची, मजुरी हातात घ्यायची.

डुलकी मशीनला चिकटलेला एक तंतू बोटांत चोळत राहिला. वर्षानुवर्षं माणसं निजलेला कापूस. आजारी माणसं, नवी बाळं, कुशीवर वळून रडलेल्या बायका.

"जुन्या कापसावर आडवं झाल्यावर काय काय दिसेल, कुणास ठाऊक," तो म्हणाला.

"दिसेल ते दिसेल," बायको म्हणाली. "गिऱ्हाइकाला सांगत बसू नका."