गुरुवारचा बाक

मुंग्या पहिल्यांदा आल्या त्या उजव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली. केनवडच्या बाजारात मी पत्रकं वाटत ओरडत होतो तेव्हा. माशी बसली असं वाटून गालावर हात मारला. माशी नव्हती. हातातलं पत्रक माझंच होतं, मीच लिहिलेलं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं: 'अंगावर चट्टा, बधिरपणा, वारंवार मुंग्या, यांतलं काहीही असेल तर लपवू नका. महारोग हे पाप नाही. दवाखान्यात चला.' मी ओरडत राहिलो, पण पुढच्या वेळी 'मुंग्या' हा शब्द तोंडातून बाहेर पडला नाही.

नंतर त्या कानशिलापर्यंत चढल्या, मग केसांत. दाढी करताना यायच्या, जेवताना यायच्या. बाभळीचा काटा घेऊन मी स्वतःच्या गालाला टोचून पाहायचो. टोचलेलं कळायचं. पण काटा कुठे लागणार हे टोचणाऱ्या हाताला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे कळलं की आठवलं, याचीच खात्री पटेना.

माय म्हणाली, "काहून गाल चोयून राह्यला रे?"

"मुंग्या येतात."

"येतीन नाई तं काय. रातभर कागदं लिव अजून. वारं बसलं असंन." तिने निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून गालाला शेक दिला. तिला भीती नव्हती, कारण पत्रक तिने वाचलेलं नव्हतं. मी वाचलेलं होतं.

आमच्याच शिवारात, ओढ्यापलीकडे, एका महारोग्याची खोपडी होती. त्याच्या घरचे भाकरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवून मागे न बघता परतायचे. मी त्याच्यावर लेख लिहिला होता, चांगला कडक. आता रात्री पडल्या पडल्या ती खोपडी दिसायची. दार, तुराट्यांची भिंत, बाहेर पालथं ठेवलेलं मडकं. आत मी.

शेवटी वाशीमला गेलो. तिथल्या एका धर्मादाय दवाखान्याची रीत मला चांगली माहीत होती, कारण तिच्याविरुद्ध पत्रकं काढणाऱ्या आमच्या मंडळाचा अर्ज मीच लिहिला होता. इतर रोगी रोज पुढच्या ओसरीवर बसतात. महारोग्यांना गुरुवार. तेही आत नाही, कुंपणाजवळच्या लांब बाकावर, लिंबाखाली, अगदी रस्त्याच्या तोंडावर. स्टेशनाकडे जाणारा येणारा प्रत्येकजण त्या बाकाकडे बघत जातो. तिथे बसलेल्याला काय झालंय ते विचारावं लागत नाही. माणसाचं दुखणं असं चव्हाट्यावर मांडायचा हक्क यांना दिला कोणी, असं मी अर्जात विचारलं होतं.

मी सोमवारी गेलो. ओसरीवर बसलो. दाढ दुखते म्हणून सांगितलं.

डॉक्टरांनी तोंडात पाहिलं. "दाढ माझ्यापेक्षा बरी आहे तुझी. खरं काय ते बोल."

मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी माझा गाल उजेडाकडे वळवला, क्षणभर पाहिलं आणि हात धुतले. ते प्रत्येक रोग्यानंतर हात धुतात, पण मला तेव्हा तसं वाटलं नाही.

"गुरुवारी ये."

"आजच बघा ना, साहेब."

"ही गर्दी दिसते ना? त्या तपासणीला वेळ लागतो."

"मग ओसरीवर बसू द्या मला गुरुवारी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्ज लिहिणारा तूच ना? वाचला मी. मी एकदा महारोग्यांना ओसरीवर बसवलं होतं. बाकीचे सगळे उठून गेले. अर्ज त्या उठून गेलेल्यांना वाचून दाखव, मला नको."

मधल्या दिवसांत मी जेवलो ते ताट स्वतः घासलं, पाणी वेगळ्या तांब्याने घेतलं. असं करू नका, शिवण्याने एवढ्या सहजी हा रोग लागत नाही, हे मीच गावोगाव सांगत होतो. सांगत होतो ते खरंच होतं. हात ऐकत नव्हते.

गुरुवारी बाकावर पाचसहा माणसं होती. मी टोकाला बसलो, टोपी पुढे ओढली. शेजारी एक बाई होती, निंदणाला जाणाऱ्यातली, पदर कानामागे घट्ट खोचलेला. तिने मला नीट न्याहाळलं.

"भाऊ, तुमीच ना थे बाजारात कागद वाटनारे?"

"हो."

"तुमचा कागद आमच्या गावात एकानं वाचून दाखोला. लपवू नोका म्हने. म्हून मी घरी सांगतलं." ती थोडी हसली. "आता मी गोठ्यात निजतो. गाय चांगली हाये, लाथ नाई मारत."

ती पुढे म्हणाली, "पुढच्या कागदात थेही लिवा. भाकर दुरून टाकतात म्हून."

"लिहीन."

"अन् हे पाहा, पयल्यांदा आले ना? आत डोये मिटाले लावतीन, कापूस कुठं लागला थे विचारतीन. घाई नोका करू. मी घाईघाईनं बोट दाखोलं, अन् डाक्टरानं कापूस लावलाच नोता."

रस्त्यावरून एक टांगा गेला. टांग्यातल्या दोघांनी मान वळवून पाहिलं. एक ओळखीचा होता.

आत बोलावलं. डॉक्टरांनी आधी मानेवरची, कानाखालची शीर चाचपली, मग कोपराची. एका नळीत ऊन पाणी, एकीत थंड, आळीपाळीने गालाला लावून विचारलं. मग कापसाची बारीक वळी केली.

"डोळे मीट. जिथे लागेल तिथे बोट ठेव. बोलू नको."

मी डोळे मिटले. कपाळावर काहीतरी हललं. बोट ठेवलं. हनुवटीवर. ठेवलं. डाव्या गालावर. ठेवलं. मग काहीच नाही.

ते 'काहीच नाही' मला अजून सहन होत नाही. बाहेर कुणीतरी खोकत होतं, लिंबावर कावळा होता, सगळं ऐकू येत होतं. कापूस माझ्या उजव्या गालावर असेल आणि मला कळत नसेल. किंवा डॉक्टरांचा हात अजून टेबलावरच असेल. दोन्हींत फरक कसा करायचा? आत मुंग्या तर चालूच होत्या. बोट उचलून गालावर ठेवून द्यावं असं शंभरदा वाटलं. बाईचं आठवून हात मांडीखाली दाबून धरला.

मग डोळ्याखाली, गालावर, हलकेच लागलं. अगदी स्पष्ट. मी बोट ठेवलं.

"उघड डोळे," डॉक्टर म्हणाले. "स्पर्श पूर्ण आहे. शीर जाड नाही. तो रोग मला दिसत नाही."

"मग मुंग्या कशाने?"

"माहीत नाही. एखादी शीर चिडली असेल. जागरण, उपास, ओरडणं, सगळंच आहे तुझं. दोन महिन्यांनी दाखव. मधेच कुठे बधिर वाटलं तर लगेच."

"कोणत्या वारी?"

"गुरुवारी."

बाहेर आलो तेव्हा ती बाई आत जात होती. महारोगावर देतात ती कडूकवठीच्या तेलाची सुई घ्यायला.

मोटरीला वेळ होता म्हणून नेहमीच्या हॉटेलात गेलो. मालकाने मला नारळाच्या नरोटीत चहा दिला. कपबश्या त्याच्यामागे पालथ्या मांडलेल्या होत्या.

"मला तो रोग नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं."

"नसंन भाऊ. पन बाकावर बसले ना तुमी."

"आणि असता तर? एका कपाने काय होतं?"

"मले काई नाई होत. गिऱ्हाईक उठून जाते." हे सांगताना तो माझ्याकडे नाही, नरोटीकडे बघत होता.

चहा तसाच ठेवून उठलो. या लोकांना काय म्हणावं ते पत्रकात सांगता येतं. तिथे उभं असताना सांगता येत नाही.

घरी मायला सगळं सांगितलं, रोगाच्या नावासकट. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग ताट वाढलं, माझं नेहमीचंच, आणि मी खरकटं उचलायला लागलो तर हातावर चापट मारली.

मुंग्या अजून येतात. दोन महिने व्हायचे आहेत. रोज सकाळी देवासाठी वाती वळून झाल्या की माय एक वात बाजूला ठेवते. स्वतःला तपासता येत नाही, हे मीच तिला सांगितलं. ती माझ्यासमोर बसते, आवाजाने कळू नये म्हणून बांगड्या कोपरापर्यंत वर सारते.

"मीट डोये."

मी मिटतो. चुलीतलं लाकूड तडतडतं. गालावर काहीच नाही. अजून काहीच नाही.

"लावली का, माय?"

"तूच सांग."