फुटाचा भाव

त्याचं नाव मी विचारलंच नाही. उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी चर्चा होती, आणि नळाला मात्र तीन आठवडे पाणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात बोअरची गाडी आली, तिच्यावरचा हा माणूस. मशीन सुरू झालं की तो चप्पल काढून उभा राहायचा. खडक बदलला की तळपायाला कळतं म्हणे. मधूनमधून उडालेली भुकटी तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळायचा, हुंगायचा.

साडेतीनशे फुटांवरही भुकटी कोरडीच होती. जीव घाबरा झाला, म्हणून मी बोलत सुटलो. भाच्यानं एक कंपनी सुचवली होती. ती परदेशात जमिनीखाली हेलियम वायू शोधते. सापडला तर एकाचे दहा होतील. निवृत्तीचे पैसे तिच्या शेअरमध्ये घालावेत का, या विचारानं मला झोप नव्हती.

"गॅस लागला का गुरुजी?"

"अजून नाही. लागेल म्हणतात."

"मग पैसे कशाचे मागायलेत?"

"शोधायचे."

त्यानं हात झटकले. "आमचंबी तसंच हाय. पाणी लागो न लागो, आमचा फुटाचा भाव ठरलेला. भ्याव तेवढं तुमच्या वाट्याला."

भाच्याला नाही म्हणून कळवायचं, असं मी तिथंच ठरवलं.

तेवढ्यात तो म्हणाला, "चारशे झाले. अजून पन्नास टाकू?"

तरी माझ्या तोंडून निघालं, "टाका."

त्यानं मशीनवाल्याला हात केला. माझ्याकडं बघितलंही नाही. हा शब्द तो रोज ऐकत असावा.