बेचाळिसावं ताट

आमच्या केंद्राच्या खजिनदारबाईंना सगळे पावतीताई म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं ताई. मी तिथला सचिव, निवृत्त शाळामास्तर. एकदा मी स्वतःच्या खर्चानं टाचण्यांची एक डबी आणली, तर त्यांनी आधी दुकानाची पावती मागितली. पैसे नकोत म्हटल्यावर मलाच देणगीची पावती फाडून दिली. ती मी अजून जपून ठेवली आहे, प्रेमानं नव्हे, रागानं.

केंद्र एका बंद पडलेल्या छापखान्यात भरतं. दोन खोल्या, एक लांबट जेवणघर, मागे स्वयंपाकघर. घरी दिवसभर एकटी पडणारी एक्केचाळीस म्हातारी माणसं सकाळी येतात, पेपरच्या मधल्या पानावरून भांडतात, दुपारी जेवतात आणि चारला घरी जातात. जेवणाचा खर्च एक मोठी संस्था देते, पण ताटागणिक आणि फक्त सभासदांचा. सभासद व्हायला पासष्ट पूर्ण हवीत, वयाचा दाखला हवा आणि ताईंनी स्वतः तयार केलेला अर्ज भरायला हवा. त्यातला शेवटचा प्रश्न असा आहे: घरी जेवताना सोबत कोण असतं? हा प्रश्न कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. खरी गरज तिथेच कळते, असं ताई म्हणाल्या. मला ते पटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

ताई बँकेत रोखपाल होत्या. साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे आल्या, त्याला अकरा वर्षं झाली. तरी वय विचारलं की त्या 'साठी उलटली' एवढंच सांगत. जन्मभर बेरजा केलेल्या बाईंची ही एकच बेरीज कच्ची राहिली होती, आणि ती तपासायची कुणाची छाती नव्हती.

यंदा हिशेबतपासनीस नवे आले. आधीचे चहा पिऊन सही करत. यांनी हजेरीपट आणि स्वयंपाकघराची वही शेजारी शेजारी ठेवली आणि सांगितलं की वर्षभरात दोनशे सत्त्याऐंशी ताटं जास्त गेली आहेत. म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवशी एक. आठ दिवसांत खुलासा आला नाही तर त्यांना शेरा लिहावा लागणार होता, आणि शेरा आला की संस्था पैसे थांबवणार. एक्केचाळीस जणांचं जेवण एका ताटापाशी येऊन अडकलं.

ताईंनी भर जेवणघरात जाहीर केलं की जो कोणी हे ताट खातो आहे, त्याला केंद्राबाहेर काढलं जाईल, मग तो कितीही मोठा असो. 'मोठा' म्हणताना त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

तीन दिवस त्या जेवणघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. आत डोकी एक्केचाळीस, धुवायला गेलेली ताटं बेचाळीस. सभासदांची ने-आण करणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा डबा त्यांनी उघडून पाहिला. माझाही पाहिला, आणि त्यातल्या वांग्याबद्दल मत दिलं.

खरं सांगायचं तर ते ताट कोण खातं हे मला माहीत होतं. स्वयंपाकाच्या मावशींनाही माहीत होतं. रोज पावणेबाराला ताई चव बघायला आत जात. सभासदांना काय वाढलं जातं हे खजिनदारानं पाहिलंच पाहिजे, हा त्यांचा दंडक. पूर्वी त्या एक चमचा घेत. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले आणि चमच्याची वाटी झाली. वाटीचं ताट कधी झालं ते त्यांना कळलंच नाही. मावशी न विचारता वाढत, ताई ओट्याशी उभ्यानं मीठ कमी आहे म्हणत सगळं संपवत. उभ्यानं खाल्लेलं त्यांच्या लेखी जेवण नव्हतंच. चौकशीच्या तिन्ही दिवशीसुद्धा त्या आधी चव बघून मगच दारात बसल्या.

आम्ही दोघं गप्प होतो. सांगितलं असतं तर ताई राजीनामा देऊन घरी बसल्या असत्या, आणि त्यांच्या घरी एक रेडिओ सोडला तर बोलणारं कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांनी मावशींनाच ऑफिसात बोलावलं. ताटं तुमच्या हातून जातात, खुलासा द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं स्वच्छ सांगितलं. मावशींनी शांतपणे हात पुसले.

"ताई, आज भाजीत मीठ कसं होतं?"

"कमी. त्याचा इथे काय संबंध?"

"आणि भात?"

"भात चांगला झाला होता. मी दोनदा..."

ताई हळूच खुर्चीवर बसल्या. मग मला म्हणाल्या, "चार वर्षांची किती होतात?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी चारही वर्षांचे पूर्ण दरानं पैसे भरले, स्वतःच्या नावाची पावती स्वतः फाडली आणि खुलासा लिहिला: सदर ताटे खजिनदाराने खाल्ली. खाली राजीनामा जोडला. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. मी राजीनामा माझ्या खिशात घातला.

मावशी दारातच उभ्या होत्या. "उद्या ताट वाढायचं की नाही तेवढं सांगा. पातेलं त्या मापानं चढवते मी."

मी कपाटातून सभासदाचा कोरा अर्ज काढून ताईंसमोर ठेवला. त्यांनी आधी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग पर्समधून वयाचा दाखला काढला. वय, एकाहत्तर. शेवटच्या प्रश्नापाशी पेन थांबलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. परत वळलो तेव्हा तिथे लिहिलेलं होतं: कोणी नाही.

"पोच द्या," त्या म्हणाल्या. मी दिली. तारीख चुकली, ती त्यांनी दुरुस्त करून घेतली.

तपासनिसांनी खुलासा दोनदा वाचला आणि शेरा लिहिला नाही. पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी जेवणघरात डोकी बेचाळीस होती आणि ताटंही बेचाळीस. ताई दोन म्हाताऱ्यांच्या मधे बसून जेवल्या, सावकाश. आज मीठ अगदी बरोबर आहे, असं त्यांनी मावशींना आवर्जून सांगितलं.

मीठ रोजच्याएवढंच घातलं होतं, असं मावशी मला म्हणाल्या.