धवल्यातली माझी ओळ

माझी आत्या धवलारीण होती. धरमतरच्या खाडीकाठी आमच्या गावांत लग्नाचा प्रत्येक विधी गाण्यावर चालतो. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ते म्हणणारीला धवलारीण. हळदीचा धवला वेगळा, अंतरपाटाचा वेगळा. धवला संपल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

मी बोलताना अडखळायचे. शाळेत हजेरी देतानासुद्धा शब्द दातांमागे अडायचा. गाताना मात्र तसं कधी झालं नाही. हे आत्याच्या लक्षात आलं आणि ती मला आपल्यामागे सूर धरायला नेऊ लागली. तिने एक ओळ म्हणायची, मी ती उचलायची. स्वतःहून ओळ सुरू करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

एका वर्षी आत्याचा आवाज बसला तो बसलाच. पेणच्या डॉक्टरने घशात गाठ असल्याचं सांगितलं आणि गाणं बंद ठेवायला बजावलं. परत येताना एसटीत ती मला म्हणाली, "घरी बोलू नको गो. शेजारच्या पोरीचं लगीन हाय. तेवढं होऊ दे."

शेजारची पोर म्हणजे आमच्या वडलांबरोबर खाडीकाठच्या खाजणात, मिठागरावर राबणाऱ्या बाईची एकुलती लेक. नवरा निडी गावचा, रोह्याजवळ धाटावला कंपनीत कामाला. वऱ्हाड उशिरा पोचलं. नवऱ्याच्या काकाने येताना स्वतःचा कर्णा आणला होता आणि मांडवात पाय ठेवताच त्याने सिनेमातली गाणी लावली. आत्या अंतरपाटापाशी जाऊन उभी राहिली तेव्हा कुठे त्याने ती बंद केली.

"आटपा लवकर," काका म्हणाला. "पोरांना शिफ्टला जायचाय."

दोघांनी अंतरपाट धरला. आत्याने पहिल्या ओळीत देवांना बोलावलं, दुसरी ओळ घेतली आणि तिसरीला तिच्या गळ्यातून नुसता वारा आला. तिने पुन्हा तोंड उघडलं. काहीच नाही. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मी सुरुवात केली. देवांची ओळ म्हटली, गावदेवीची म्हटली आणि पुढे सगळं पुसलं गेलं. शेकडो वेळा म्हटलेला धवला, पण पुढे आत्याचा आवाज नव्हता. अंतरपाट धरणारे माझ्याकडे वळून बघू लागले. "झाला काय?" असं विचारत काकाने कर्ण्याचं बटण दाबलं. गाण्याचा दणका उठला.

आता तो बंद करायला सांगायचं होतं, आणि ते गाऊन सांगता येणार नव्हतं. नवऱ्याकडच्या माणसाला मुलीकडचं कुणी बोलणार नव्हतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ब... ब... ब..."

कुणीतरी हसलं. मागोमाग बरेच हसले. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, पण मी तिथून हलले नाही.

"ब... बंद करा. ध... धवला हाय अजून."

काकाने नवऱ्याकडे पाहिलं. तो अंतरपाटाआडून म्हणाला, "काका, बंद कर."

जागेवर परत येताना मला वधूची आई दिसली. हातात दिवा घेऊन ती खांबाला टेकून उभी होती. मला जुनी ओळ आठवली नाही. जे समोर होतं तेच चालीत आलं:

खाजणाच्या उन्हात मायबाय उभी,
मीठ चावलं पायांना, लेक केली मोठी.

मागे बसलेल्या म्हाताऱ्या कुजबुजल्या. एक मोठ्याने म्हणाली, "धवल्यात घरच्या गोष्टी घालायच्या नाय!" वधूच्या आईने लुगडं ओढून पाय झाकले. मला वाटलं, लग्न मोडलंय मी. तरी मी तीच ओळ पुन्हा म्हटली, आणि तिच्या टेकूने पुढचं आठवत गेलं. अक्षता पडल्या.

पंगत उठल्यावर वधूची आई मला शोधत आली. मी मान खाली घातली. तिने माझा हात धरला. "देवांच्या मागोमाग माझे कष्ट आले गो धवल्यात," एवढंच म्हणाली.

आत्या मात्र घरी पोचेपर्यंत माझ्याकडे बघत नव्हती. चूल पेटवून झाली, भाकरी झाली. मग घोगऱ्या, तुटक्या आवाजात म्हणाली, "ती ओळ म्हण परत."

मी म्हटली.

"चावलं नाय. मीठ कुत्रा हाय काय चावायला? झोंबलं म्हण."

त्यानंतर आत्या कधी गायली नाही. आमंत्रणं माझ्या नावाने येऊ लागली. माझं बोलणं सुधारलं असं नाही. अजूनही दुकानात मी वस्तूकडे बोट दाखवते. पण माणसांसमोर अडखळायची मला पूर्वीइतकी भीती राहिली नाही.

परवा रोह्याला एका हॉलमध्ये लग्न होतं. धवल्याला जेमतेम वेळ दिलेला. मी उभी राहते आहे तोच वधूची आई जवळ आली आणि ओशाळून म्हणाली, "तुम्ही आईची ओळ घालता म्हणतात. माझी घालाल?"

बाहेर बँडवाले वाजवायला उतावीळ झाले होते. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "तू क... काय काम करतेस गो?"

ती सांगू लागली.