वाकलेली मान

राजापेठेत फुलं विकणाऱ्या पार्बतामावशीनं मला पहिला हार घातला, तो मी निवडणुकीत पडलो त्या दिवशी. अपक्ष उभा होतो, डिपॉझिटही गेलं होतं. "पुढच्या खेपेले येशीन तू निवडून," असं म्हणत तिनं उरलेल्या झेंडूचा हार माझ्या गळ्यात टाकला.

पुढच्या खेपेला खरंच आलो, एकशे बारा मतांनी. मग पक्षाच्या तिकिटावर दोनदा आलो आणि महापालिकेत सभागृहनेता झालो. तोवर माझे हार क्रेननं यायला लागले होते. नळाचं उद्घाटन असो की कुणाचं बारसं, हार घेऊन कुणी समोर आलं की मान आपोआप खाली जायची. मावशीच्या दुकानावरून गाडी रोज जायची. मी ती कधी थांबवली नाही.

मावशी वारली तेव्हा कार्यकर्त्यांनी आठवण करून दिली म्हणून गेलो. अंगणात तिरडी बांधून झाली होती. सवयीनं मी सगळ्यांच्या पुढे, मावशीच्या पायाशी जाऊन उभा राहिलो. तिचा मुलगा देवानंद शेवंतीचा हार घेऊन घरातून आला आणि मी मान वाकवली.

तो थांबला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"साहेब, जरा बाजूले सरका," तो हळूच म्हणाला. "हा मायसाठी हाय."

मग नमस्कारालाच वाकलो होतो असं दाखवत मी आणखी खाली वाकलो आणि मावशीच्या पायांना हात लावला. इतक्या वर्षांत मी तिच्या पाया पडलो ते तेवढं एकदाच, आणि तेही माझी लाज झाकायला.