सावली सोडलेली गाडी

"कुणाच्या विजेची तार जोडलीस की हरलीस," निखिल फाटकाशी उभा राहून म्हणाला. माझ्या यजमानांनी हौसेनं घेतलेली घरगाडी (जीपमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली) ते गेल्यापासून अंगणात पडून होती. माझ्या मुलाला, निखिलला, ती विकायची होती. पैज अशी, की छतावरचा सोलर आणि एक बॅटरी एवढ्यावरच दोन रात्री काढल्या तर गाडी राहील, नाही तर जाईल. "बाईमाणसाचं काम नाही ते, आई." झालं! त्याच वाक्यावर मी जीपची किल्ली उचलली.

सोबत सुमनताई, माझी थोरली नणंद. नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीतून तिला पिठाच्या डब्यासकट उचललं. कामठी मागे पडली, मग रामटेकचा डोंगर दिसू लागला. ओळखीच्या शेतात धानाचे बांध कोरडे ठणठणीत, आणि मधोमध एक डेरेदार आंबा. गाडी त्याच्याखाली लावली. मे महिन्यात नागपूरचा माणूस गाडी सावलीतच लावतो, त्यात विचार कसला?

संध्याकाळी भाकरी-झुणका झाला. फ्रिज चालू, पंखा पाचवर, सगळे दिवे चालू, दोघींचे फोन चार्जिंगला. कोराडीच्या वीजकेंद्राची चिमणी बघत वाढलेल्या बायका आम्ही, वीज पुरवून वापरायची असते हे आम्हाला कोण सांगणार!

सकाळी बॅटरीच्या मीटरवर लाल दिवा. मी आधी फ्रिजला शिव्या घातल्या आणि तो बंद केला. दूध नासायच्या आत सुमनताईनं गॅसवर बासुंदी आटवली. फोन बंद, दिवे बंद. दुपार झाली तरी लाल तो लालच. बाहेर ऊन नुसतं भाजतंय आणि सोलर ढिम्म! मी बाहेर येऊन वर पाहिलं. छतावर आंब्याची गार, गडद सावली पसरलेली. मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात शेजारच्या शेतातले वासुदेवभाऊ आले. "लाइन (वीज) पाहिजे का बाई? विहिरीवरून तार टाकून देतो."

सुमनताईचा पदर घामानं भिजला होता. "घे नं वं शोभा! निखिलले कोण सांगून राहिलं?"

"मी सांगेन ना! मला खोटं जिंकायचं नाही, ताई. नको भाऊ, तार नको."

जीप पुन्हा जोडली आणि घरगाडी ओढत उघड्या रानात नेली. वासुदेवभाऊ ओरडले, "ओ बाई, सावली सोडून काहून चालल्या? भट्टी होते नं तिची!"

"होऊ द्या! आपण बसू सावलीत. तिला खाऊ द्या ऊन!"

ते पोट धरून हसले आणि आंब्याखाली आमच्या सतरंजीवर येऊन बसले. वाटीभर बासुंदी संपवून म्हणाले, "आमच्या गावात असं कोणी पाहिलं नसन." आम्हीही पाहिलं नव्हतं.

दिवस कलला तेव्हा दिवा हिरवा झाला होता. मी चक्क टाळी वाजवली. आत मात्र पाय ठेववेना. खिडक्या उघडल्या, चादरी ओल्या करून दारांना लावल्या. पंखा एकवर, बाकी सगळं बंद. "फिरून राहिला का नुसता हलून राहिला?" सुमनताई म्हणाली. पण सकाळी आम्ही उठलो तेव्हाही तो फिरत होता.

रविवारी निखिल फाटकात उभाच होता. त्यानं आधी मीटर पाहिला, मग मला. "जिंकलीस, आई. ठेव गाडी."

याच वाक्यासाठी भर उन्हात जीव काढला होता. पण ते ऐकलं आणि मला संतापच आला. गाडी माझ्या नावावर, आणि ठेवायची परवानगी हा देऊन राहिला! बॅटरी कशी पुरवायची ते या प्रवासानं शिकवलं. पण असली पैज मी घेतलीच काहून, हे मला घरच्या फाटकात आल्यावर सुचावं?

"ठेवायची की विकायची, हे मी तुला विचारणारच नव्हते," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात मी आणि सुमनताई पुन्हा चाललो. तुला यायचं असेल तर विचार. जागा असली तर नेऊ."