आलापल्लीहून आणलेलं बाकडं

सागवान आणायला आलापल्लीला जायचं ठरलं, कारण आमच्या हातमागाचा दांडा वाकला होता. विणलेलं कापड गुंडाळतात तो. आंब्याचा होता, वाकणारच. लुगड्याचा काठ सापासारखा जाऊन राहिला. इतवारीतल्या व्यापाऱ्यानं सांगून टाकलं, पुढचं असंच आलं तर सूत बंद. सूत बंद म्हणजे चूल बंद. सत्तरनंतरची गोष्ट आहे ही.

नागपूर ते चांदा एक एसटी, पुढे दुसरी. आता रस्ता बरा आहे म्हणतात, तेव्हा हाडं खिळखिळी झाली. सोबत झुणका-भाकर आणि व्यापाऱ्यानं परत केलेलं लुगडं, अंथरायला. बल्लारशाच्या पुढे उभा साग बघायला मात्र खिडकीच धरा.

जंगलखात्याच्या लाकूड डेपोत ओंडक्यांच्या राशी, प्रत्येकाच्या तोंडावर हातोड्याचा शिक्का. आमचे हे हरखले. "पाह्य वं, किती लाकूड!"

फाटकाजवळची चहावाली हसली. "ओलं हाय दादा. आज नेसान, उद्या वाकन. वाळाले दोन उन्हाळे लागते."

दोन उन्हाळे आम्ही काय खाणार होतो? हे तोंड पाडून बाकड्यावर बसले. बाकडं कसलं, दोन दगडांवर टेकवलेला चौकोनी सागवानी वासा. चहा सांडून काळा झालेला, पण सरळसोट. एवढं जंगल तोडून रचलेलं आणि आमच्या कामाचं एकच लाकूड, तेही यांच्या बुडाखाली.

"उठा," मी म्हटलं.

"काहून?"

"आपल्या दांड्यावर बसून राहिले तुमी."

बाकड्याच्या बदल्यात चहावालीला लुगडं दाखवलं, वाकडा काठही दाखवला. "मले कुठं मिरवाचं हाय, माय," म्हणत तिनं घडी काखेत मारली.

परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. वासा मधल्या वाटेत टाकून आम्ही त्यावरच बसलो. नाक्यावर जंगलखात्याचा गार्ड चढला. पासाशिवाय सागवान दिसलं की उतरवून घेत.

"लाकूड कोणाचं?"

"बाकडं हाय बाप्पा, बसाले."

"गाडीत सीटा नाही काय?"

"एक दाखव, आत्ता उठते."

अख्खी गाडी हसली. त्यानं चहाचे डाग पाहिले, यांचा पडलेला चेहरा पाहिला आणि उतरून गेला.

सुतारानं रंधा मारला तर आतून पिवळाधमक निघाला. पुढच्या लुगड्याचा काठ सरळ गेला. व्यापाऱ्यानं सूत तोलून दिलं.

माग पुढे पॉवरलूमनं खाल्ला. वासा अंगणात आहे, दोन विटांवर, पुन्हा बाकडं होऊन. अजून वाकला नाही. हे बसले की मी सवयीनं "उठा" म्हणायची. हे गेले त्या दिवशी आलेली माणसं त्यावरच बसली. कोणाला उठवलं नाही.